सरांच्या कामावरची खोळ

आमच्या सरांचा प्रोग्राम वऱ्हाडी बोलायचा आणि मला त्याची लाज वाटायची. पुढे जे झालं ते सगळं या एका लाजेतून झालं. आता मला लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची, आणि ती वेळेवर वाटली असती तर हे लिहायची पाळी आली नसती.

नावं कोणाचीच लिहीत नाही. सभ्यपणा म्हणून नव्हे, भीती वाटते म्हणून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाचणाऱ्याने माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घ्यायला नको.

सर अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. रविवारी सकाळी आम्हा तीन-चार पोरांना घरी बोलावून ते पर्ल शिकवत. पर्ल ही संगणकाची एक भाषा. आता तिचं नाव काढलं की नवी मुलं जुन्या स्कूटरकडे पाहावं तसं पाहतात, पण तेव्हा आम्हाला ती फार मोठी गोष्ट वाटायची. सरांकडे एका जाड पुस्तकाची झेरॉक्स प्रत होती, तिला त्यांनी स्वतः दाभणाने दोरा घातला होता. आमचा प्रोग्राम चालला नाही आणि आम्ही संगणकाला शिव्या घातल्या की ते म्हणायचे, ‘कॉम्प्युटरले अक्कल नाई, पन इमानदारी हाये. तुमचं उलटं हाये.’ आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त हसायचो.

नंतर मी पुण्याला गेलो. सात वर्षं नोकरी केली. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये ‘मले चहा’ म्हणालो आणि टेबलावरचे सगळे हसले. वाईट मनाने हसले नसतील, पण मी त्या दिवसापासून जीभ घासायला घेतली. ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘करून राहिलो’चं ‘करतोय’ केलं, ‘का’ला आमच्याकडे म्हणतात ते ‘कावून’ तर असं टाकलं की आई फोनवर म्हणायची, ‘तू आमच्यासंगं पाहुन्यावानी बोलतं.’ घरून काम करायची सोय झाली तसा मी परत आलो आणि अमरावतीच्या राजापेठेत भाड्याने राहू लागलो. खाली झेरॉक्स, शेजारी तीन शिकवण्या, दारात गाड्यांची गर्दी. गाव तेच होतं, बोली तेवढी मी बदलून आणली होती.

तेव्हा सर निवृत्त होऊन धामणगावला आपल्या घरी राहायला गेले होते. त्यांनी एक काम फार वर्षं सांभाळलं होतं. अकोल्यात मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारे क्लासेस किती आहेत ते अकोल्याच्या माणसालाही सांगता येणार नाही. त्यातल्या एका क्लासच्या उत्तरपत्रिका सरांच्या प्रोग्रामवर तपासल्या जायच्या. सरांच्या डोळ्यांची दोनदा शस्त्रक्रिया झाली, पडद्यावरचं वाचवेना, म्हणून त्यांनी ते काम मला दिलं. देताना म्हणाले, ‘चालू हाये. छेडू नको. छेडशीन तं पुरं वाचून छेड.’

मी ‘हो सर’ म्हणालो आणि पुरं वाचलं नाही.

या प्रोग्रामचं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. उत्तरपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नापुढे चार गोळे असतात, बरोबर वाटेल तो पेनाने काळा करायचा. प्रत्येक गोळा किती काळा आहे ते स्कॅनर सांगतो. पूर्ण काळा असेल तर ते उत्तर, पूर्ण कोरा असेल तर प्रश्न सोडलेला. अडचण मधल्यांची. अर्धवट भरलेला, फिकट गिरवलेला, कडेने रेघ मारून ठेवलेला. अशांना सरांनी ‘शंका’ असं नाव दिलं होतं. शंकेच्या प्रश्नाला तूर्त शून्य गुण, पण त्या पत्रिकेचा आणि प्रश्नाचा क्रमांक एका यादीत जायचा. ती यादी छापून क्लासच्या ऑफिसातल्या बाईंच्या टेबलावर यायची. बाई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या कर्मचारी. त्या मूळ पत्रिका काढून, चष्म्यावर भिंग धरून एकेक गोळा पाहायच्या, गुण दुरुस्त करायच्या आणि त्या पोराला किंवा पोरीला बोलावून गोळा कसा भरायचा ते स्वतः भरून दाखवायच्या. दोन-तीन परीक्षांत मूल सुधारायचं.

आणि त्या यादीत सरांची भाषा असायची. अक्षरं इंग्रजी, बोली वऱ्हाडी. ‘बाई, याले डोळ्यानं पाहा.’ ‘हा पोट्टा लय घाई करून राहिला.’ ‘अथी दोन गोळे भरले, इचारा त्याले कावून.’ बाईंना त्यात काही विशेष वाटत नसे. सर समोर बसून बोलतायत असं समजून त्या काम करायच्या.

एक दिवस क्लासच्या संचालकांचा फोन आला. पुण्याची काही माणसं क्लास पाहायला येणार होती, पुढे एकत्र काम करायचा विचार होता. ‘आपली सिस्टिमही दाखवू,’ ते म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे पुण्याची माणसं आली आणि त्यांच्या हातात ‘लय घाई करून राहिला’ असं छापलेला कागद आला. मी म्हणालो, ‘मी जरा नीट करून घेतो.’

सरांच्या मूळ फायलीला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्या वेळी मी याला आदर समजत होतो. खरं कारण असं की सरांनी कधी फाइल उघडली असती तर त्यांची वाक्यं पुसलेली त्यांना दिसली असती.

पर्लमध्ये याला दुसरा रस्ता आहे. एका वर्गात, म्हणजे प्रोग्रामच्या एका कप्प्यात, लिहिलेली कामं त्याच्याखालच्या वर्गाला आपोआप वारशाने मिळतात. त्यातलं एखादं काम थोडं वेगळ्या तऱ्हेने हवं असेल तर खालच्या वर्गात त्याच नावाचं आपलं काम लिहायचं. त्याने आत मूळ कामाला हाक मारायची, उत्तर घ्यायचं, त्यावर आपला हात फिरवायचा आणि पुढे द्यायचं. प्रोग्रामवाले याला रॅपर म्हणतात. मला तर ती गादीवर चढवायच्या खोळीसारखी वाटते. गादी जुनीच, वरून दिसायला नवी. मी एका दुपारी सरांच्या सात कामांवर सात खोळी शिवल्या. वऱ्हाडी वाक्य आलं की त्याच्या जागी ‘कृपया पुनर्तपासणी करावी’ असं काहीतरी छापील घालायचं, एवढंच काम.

सहा खोळी बरोबर बसल्या. सातवी तपासणीची होती.

पर्लमध्ये एक बारकावा आहे. तुम्ही एखाद्या कामाला हाक मारता तेव्हा तुम्हाला एकच गोष्ट हवी आहे की अख्खी यादी हवी आहे, हे त्या कामाला कळतं आणि त्याप्रमाणे ते उत्तर देऊ शकतं. सरांनी याचा उपयोग केला होता. एकच मागितलं तर नुसते गुण, यादी मागितली तर गुण आणि सगळ्या शंका. मूळ प्रोग्राम नेहमी यादीच मागायचा. मधे मी खोळ घातली आणि माझ्या खोळीने आत हाक मारताना एकच मागितलं. तिला गुण मिळाले, तेवढेच तिने पुढे दिले. शंका तिथेच राहिल्या. चूक झाली असं कुठेही आलं नाही, काही बंद पडलं नाही, लाल अक्षरं दिसली नाहीत. पर्ल असं गप्प बसतं. मी चाचणीसाठी दहा पत्रिका भरल्या, त्याही स्वतःच्या हाताने, एकेक गोळा नीट काळाकुट्ट करून. त्यात शंका येणार कुठून? अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पुण्याची माणसं आली. छान हसतमुख माणसं होती. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, ‘हे सगळं तुम्हीच केलंय का?’ मी म्हणालो, ‘मूळ जरा जुनं आहे, गावाकडच्या एकांनी लिहिलेलं. मी त्याला आकार दिला.’ गावाकडचे एक. दाभणाने शिवलेलं पुस्तक मांडीवर घेऊन मला पहिलं अक्षर शिकवणाऱ्या माणसाबद्दल मी हे बोललो, आणि तेही किती शुद्ध बोललो. ती माणसं चहा पिऊन गेली ती पुन्हा आली नाहीत, ते एक सोडा.

तीन-चार आठवड्यांनी मी अकोल्याला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, ‘भाऊ, आजकाल माह्याकडं कागदच नाई येऊन राहिले.’

‘मुलं सुधारली असतील, बाई,’ मी म्हणालो.

‘सगळेच?’ त्या म्हणाल्या.

मी हसलो. एक माणूस वीस वर्षांच्या अनुभवाने शंका काढतंय आणि मी हसतोय, हे माझं मलाच त्या वेळी दिसलं नाही.

पुढच्या खेपेला मी स्कॅनरच्या कामासाठी गेलो होतो. ऑफिसात हिवरखेडचे एक गृहस्थ बसले होते, शेजारी त्यांची मुलगी उभी. ही मुलगी क्लासला नवीन, शाळेतल्या गुणांवर पहिल्या बॅचमध्ये आली होती. आल्यापासूनच्या तीन परीक्षांत तिला इतके कमी गुण पडले की तिला तिसऱ्या बॅचमध्ये टाकलं होतं. मुलगी सांगत होती की तिने उत्तरं छापील उत्तरांशी जुळवली, गुण जास्त यायला हवेत. तिचा खोलीवरचा मुक्काम, मेस, सगळं वडिलांनी मोठ्या उमेदीने केलेलं. त्यांना गुण कमी आल्यापेक्षा पोरगी खोटं बोलते याचं दुःख जास्त होतं.

‘तीन डाव झाले,’ ते संचालकांना म्हणाले. ‘दर डावाले म्हनते पेपर बरोबर गेला. अन् कागद तं वेगळंच सांगून राहिला. आपल्या घरात कोनी असं लबाड बोलत नाई.’

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुमी मशीनवाले ना भाऊ? तुमीच सांगा. हे मशीन चुकते काय कदी?’

मी स्कॅनरचं झाकण लावत होतो. न थांबता म्हणालो, ‘मशीन चुकत नाही, काकाजी. माणूस चुकतो.’

दुसरं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते ऐकायला बरं वाटलं म्हणून मी जोडलं, आणि बोलताना मुलीकडे पाहिलं.

‘ऐकलं?’ वडील तिला म्हणाले.

‘मंग मी खोटं बोलून राहिली का?’ ती म्हणाली. तिने हे माझ्याकडे पाहून विचारलं. मी केबल गुंडाळायला घेतली.

त्याच दिवशी वडील तिला सामानासकट हिवरखेडला घेऊन गेले. फाटकाबाहेर रिक्षात बादली, गादीची वळकटी आणि पुस्तकांची दोन पोती चढताना मी पाहिली. मला वाईट वाटलं, पण जसं दुसऱ्याच्या घरचं ऐकून वाटतं तेवढंच.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. ‘भाऊ, येऊन जा. फोनवर सांगायसारखं नाई.’

मी गेलो. त्यांनी टेबलावर त्या मुलीच्या तीन पत्रिका काढून ठेवल्या होत्या. जाताना मुलगी त्यांच्याजवळ रडली होती, म्हणून त्यांनी आपण होऊन गठ्ठ्यातून काढून हाताने तपासल्या होत्या. ‘हे गोळे तुमच्या मशीनले दिसत नाईत,’ त्या म्हणाल्या, ‘मले तं चष्म्याशिवाय दिसून राहिले.’ खरंच दिसत होते. फिकट, अर्धे-मुर्धे, पण एका प्रश्नाला एकच गोळा, कुठे गोंधळ नाही. मुलीने बाईंना सांगितलं होतं की ती खोलीवर एकाच उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर सराव करते, पेन्सिलीने भरते आणि खोडून पुन्हा वापरते. कागद फाटू नये म्हणून हात हलका ठेवायची सवय लागली होती. पहिल्याच परीक्षेनंतर बाईंनी तिचा हात धरून गोळा गिरवून दाखवला असता आणि विषय संपला असता. पण बाईंपर्यंत तिचा कागद आलाच नाही.

मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सातवी खोळ उघडली आणि दिसलं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. एका ओळीची दुरुस्ती होती, ती केली, आणि त्या तीन परीक्षांच्या पत्रिका पुन्हा चालवल्या. शंकांचे कागद छापून येतच राहिले, बाईंच्या टेबलावर ढीग झाला. बाकीच्यांचे एकेक दोनदोन गुण गेले होते, त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. खरं नुकसान त्या एका मुलीच्या वाट्याला आलं होतं.

संचालक आत आले. ‘काय होतं हे?’

तोंड उघडताना काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं, अशी माझी फार दिवस समजूत होती. आता ती नाही. मी म्हणालो, ‘सरांच्या जुन्या कोडमधली चूक होती. आता काढली.’

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. संचालकांनी तिथूनच सरांना फोन लावला. फार बोलले नाहीत, पण जे बोलले ते मी समोर उभा राहून ऐकलं. ‘एका मुलीचं वर्ष जात होतं, सर,’ असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सर अकोल्याला आले. संचालकांनी मुलीला आणि वडिलांनाही बोलावलं होतं, ते यायला अजून वेळ होता. सर मला म्हणाले, ‘दाखव बरं.’ मी अक्षरं मोठी करून दिली. ते पडद्याला नाक लावून आपली फाइल वाचू लागले, बोटाने एकेक ओळ धरून. मी मागे उभा. आपली फाइल संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘हे खालची फाइल कवा आली?’

त्यांनी ती उघडली. वरच मी इंग्रजीत टीप लिहून ठेवली होती, जुने ओबडधोबड संदेश सुधारले अशा अर्थाची. सरांनी ती वाचली. ‘ओबडधोबड हायेतच ते,’ ते म्हणाले. मग पहिल्या खोळीपासून वाचत सातवीपर्यंत आले. तिथे बोट थांबलं. डोळे खराब असले तरी त्यांना ती चूक माझ्याइतकाच वेळ लागून दिसली. उलट कमीच.

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. सर खुर्ची फिरवून माझ्याकडे वळले. ‘तू सांगतं का मी सांगू?’

मला वाटलं, आता ते माझं नाव घेणार. घेतलं तर घेऊ दे, पण आपल्या तोंडाने नको, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता. मी म्हणालो, ‘तुम्हीच सांगा, सर.’

ऑफिसात सगळे बसले. सर उभेच राहिले. मुलीच्या वडिलांना म्हणाले, ‘पोरगी खरं बोलत होती. पेपर तिनं बरोबर सोडवला होता. चूक माह्या प्रोग्रामात होती. म्या लिवलेला हाये तो.’ मग मुलीकडे वळून म्हणाले, ‘बेटा, माफी कर.’

सत्तरीच्या पुढचा माणूस सतरा वर्षांच्या पोरीची माफी मागत होता आणि मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. मूग गिळून बसणे म्हणतात, मी उभ्या उभ्या गिळले. मुलीचे वडील खुर्चीवरून उठले. मग पोरीकडे न पाहताच म्हणाले, ‘चाल माय. तुहं सामान आनू.’ ती रडू लागली. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडते. असेलही.

मुलगी पहिल्या बॅचमध्ये परत आली. पण निकालाच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत सरांचं नाव छापलेलं असायचं, रचनाकार म्हणून. संचालक मला म्हणाले, ‘ते काढून टाका. पालक विचारतात.’ करून गेला गाव आणि दुसऱ्याचंच नाव, म्हणतात ना. मी काढलं. या खेपेला खोळ वगैरे नाही, सरळ सरांच्या मूळ फायलीत जाऊन त्यांचं नाव पुसलं.

त्यानंतर आठ महिने मी सरांना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. एक दिवस बाई बोलता बोलता म्हणाल्या, ‘तुमच्या सरायले भेटून या भाऊ. मानूस वाट पाह्यते.’ त्यांना सगळं कळलं होतं असं मला वाटतं. मी धामणगावला गेलो.

सर ओसरीवर बसले होते. मला पाहून खूश झाले, हे जास्त लागलं. चहा आला. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, पुण्याच्या माणसांपुढे काय म्हणालो तेसुद्धा. ते ऐकून घेत राहिले.

‘सर, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?’ मी विचारलं.

‘म्हटलं, तू सोताहून सांगशीन,’ ते म्हणाले. ‘दोन दिवसात सांगशीन असं वाटलं. वाट पाह्यली म्या.’

मला रडू आलं. त्यांनी ते संपू दिलं. मग म्हणाले, ‘माह्या नावाचं सोड. माहं वय झालं, नाव घेऊन मले कुठं जाचं हाये? पन ते पोरगी मले फोन करते. दर परीक्षेच्या आधी. इचारते, सर, या डावचं मशीन बरोबर हाये ना? भेव बसलं तिच्या मनात. तिले वाटते, आपन कितीबी बरोबर लिवलं तरी मशीनच्या मनात आलं तं खोटं पाडते. आता खरी परीक्षा आली जवळ. असं भेव घेऊन बसली तं हात कापन तिचा.’

‘तुम्ही समजावलं असेल ना तिला?’

‘सांगतलं. पन म्या माही चूक म्हनून बसलो, आता अर्धंच सांगता येते मले. तिले पुरं सांगा लागते. का मशीनचं काई नाई, एका मानसानं मधात हात घातला, अन् असा असा घातला. समजलं का भेव जाते. ते तुह्याच तोंडून पाह्यजे.’

‘सांगतो सर.’

‘कवा?’

‘आजच जातो.’

माझं मनापासून ठरलं होतं, हे तरी माझ्या बाजूने लिहू द्या. सर स्टेशनापर्यंत सोबत आले. खिडकीवर मी अकोल्याचं तिकीट मागितलं तेव्हा ते शेजारी उभे होते. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्या हातावर थोपटलं.

चांदूर स्टेशन गेलं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. आधी प्रमाण मराठीत जुळवली, मग वाटलं तिच्याशी आपल्या बोलीत बोलावं, मग ती जुळेनात. तिचा तो प्रश्न, ‘मंग मी खोटं बोलून राहिली का’, आणि माझ्या हातातली केबल आठवली. संचालक काय म्हणतील ते आठवलं. तिचे वडील उठून उभे राहिले तर, असंही मनात आलं. बडनेरा आलं. अमरावतीची माणसं उतरू लागली. मीही बॅग उचलली आणि त्यांच्या मागे उतरलो. गाडी हलली तेव्हा मी फलाटावर होतो, अकोल्याचं तिकीट खिशात. ऑटो करून राजापेठेला घरी आलो.

संध्याकाळी सरांचा फोन आला.

‘सांगतलं का तिले?’

‘हो सर.’

‘पुरं?’

‘पुरं.’

‘काय म्हने? भेव गेलं का तिचं?’

‘गेलं, सर.’

‘शाबास बेटा,’ ते म्हणाले. ‘मले मालूम होतं.’

परीक्षेला त्या दिवसापासून एकोणीस दिवस होते. राजापेठेहून अकोला दोन तासांच्या रस्त्यावर आहे. मी गेलो नाही.